भवरगडचा तारा

सिंगापूरला, क्लेमेंटीतल्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये वसुधाचं दुपारचं एक काम ठरलेलं. सोळा महिन्यांच्या चैत्रालीला भिंतीला टेकवून उभी करायची आणि दोन हात लांब बसून "ये, ये" म्हणायचं. चैत्राली खुदकन हसायची आणि फतकल मारायची. "अजून दोन महिने बघू, मग तपासण्या," असं डॉक्टर म्हणाले होते. तो 'मग' येऊ नये म्हणून वसुधा रोज बसत होती.

शनिवारी पुण्याहून बाबांनी कुणाबरोबर तरी पाठवलेली डबी आली. आत पणजोबांचं मानचिन्ह. भवरगड संस्थानचा चांदीचा तारा, विटकी केशरी फीत.

"पोरीच्या गळ्यात घालून फोटो पाठव," बाबा फोनवर म्हणाले. "खरं तर मानकरी वारला की हा दरबारात परत द्यायचा, असा नियम. पण पणजोबा गेले तेव्हा दरबार उरला होता कुठे?"

"म्हणजे चोरच की आपण," तिचा नवरा प्रणव बूट चढवत म्हणाला, आणि तुआसच्या कारखान्यात शिफ्टला निघून गेला.

वसुधानं फीत चैत्रालीच्या गळ्यात घातली. तारा पोरीच्या बेंबीपर्यंत आला. फोन वर धरून व्हिडिओ सुरू करते तोच चैत्राली उठली. कशालाही न धरता.

ती चालत होती. मागे मागे. खिडकीजवळच्या रिकाम्या वेताच्या खुर्चीवरून नजर न हलवता, सात पावलं. मग थांबली, वाकली, उजवा हात कपाळाला लावला.

व्हिडिओ पाहून बाबांचा लगेच फोन.

"वसू, हा मुजरा आहे. मान घेतला की असंच मागे सरायचं, महाराजांना पाठ दाखवायची नाही. कुणी शिकवलं तिला?"

"बाबा, तिला अजून टाटासुद्धा करता येत नाही."

"काढ तो. परत कर."

"कुणाला?"

बाबांनी फोन ठेवला.

तिनं फीत काढली. चैत्रालीनं तिथेच फतकल मारली. वसुधानं ती पुन्हा घातली. लाज वाटली, पण पोर उभी राहिलेली एकदा बघायचीच होती. पुन्हा तीच सात पावलं, तोच मुजरा.

मग मात्र तिनं तारा काढून खुर्चीवर ठेवला.

"घ्या," ती म्हणाली. "राहून गेला होता आमच्याकडे. पोरीला तेवढं चालू द्या."

वेत करकरला.

ती भिंतीशी येऊन बसली. चैत्राली रांगत खुर्चीपाशी गेली. तिथे उभी राहिली. वळली.

एक पाऊल. दोन. सरळ, आईकडे.

वसुधानं हात पसरले. डोळ्यांतल्या पाण्यानं तिला नीट दिसेना.

चैत्रालीचा डावा हात डोक्याच्या वर होता. मूठ मिटलेली, कुणाचं तरी बोट धरावं तशी.

आईपासून हातभर अंतरावर ती थांबली. मान उंच करून तिनं बाजूला, वर पाहिलं. जाऊ का, असं विचारल्यासारखं.

आणि उत्तराची वाट पाहत उभी राहिली.