चौथ्या मजल्याखालची नाडी

दिल्लीत, आर. के. पुरमच्या घराच्या गच्चीवर भालचंद्रकाका सांगत होते. समोर त्यांचा पुतण्या अंशुमन आणि पुतणी देविका.

“दिलीप आमच्या शेजारचा. कॉलेजात शरीरशास्त्राच्या लॅबमध्ये होता. चौदा नोव्हेंबर नव्व्याण्णव, रविवार. द्वारकेत नवा फ्लॅट मिळालेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे दूध उतू जाऊ द्यायचं होतं, म्हणून रात्री साडेनऊला एकटाच शेगडी ठेवायला गेला. सोसायटीत जेमतेम चार घरं राहायला आलेली. शेगडी ठेवून सातव्या मजल्यावरून लिफ्टनं निघाला, आणि चौथ्याच्या जरा खाली लाइट गेली.”

“जनरेटर नव्हता?”

“तेव्हा लिफ्ट आहे याचंच कौतुक होतं, बाबा. सहा महिन्यांपूर्वी त्याला हार्ट अटॅक येऊन गेलेला. घाबरायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि दिलीपला तर सगळंच ठाऊक. भीती वाटली की मज्जातंतूंचा निरोप क्षणात हृदयाला पोचतो. मागोमाग मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी अॅड्रिनलीन सोडतात, ते रक्तातून अंगभर फिरतं. पळून जायला चांगलं असतं ते. पण बंद डब्यात पळणार कुठे?”

“म्हणजे तो भीतीनंच गेला असता?” देविकानं विचारलं.

“हो, बिल्कुल. म्हणून त्यानं एकदाच हाक मारली, ‘मुरलीधर, ओ भैया!’ चौकीदार लांब गेटवर. मग दिलीप गप्प उभा राहिला. अंधारात मनगट चाचपून नाडी मोजू लागला, मुलांना शिकवायचा तशी, तीन बोटं ठेवून. नाडी संथ होती. मिनिटाला साठेक. त्याला बरं वाटलं.

“पण तोंड कोरडं पडलेलं. तळवे ओले. छातीत धडधड... आणि हाताखाली मात्र साठ. एका हृदयाचं असं दोन तऱ्हेचं होत नाही.”

काकांनी डावा हात पाठीमागे कठड्यावर ठेवला.

“मग त्याला आपला डावा हात आठवला. तो लिफ्टच्या मागच्या दांडीवर होता. घट्ट. लिफ्ट थांबल्यापासून.”

“काका, यार, पुरे आता,” अंशुमन म्हणाला.

“ते मनगट सोडलं तर किंचाळणार. किंचाळला तर हृदय... म्हणून सोडलं नाही. मोजत राहिला. एक. दोन. गार होतं ते मनगट. आणि मग... दांडीवरच्या त्याच्या डाव्या मनगटावर बोटं टेकली. तीन. हलकी. तीही मोजत होती.”

देविकानं आपलं मनगट मुठीत धरलं.

“दहा वाजून पाच मिनिटांनी लाइट आली. मुरलीधरनं दार उघडलं. आत दिलीप एकटाच, उजवी बोटं हवेत धरून. ‘साहब, ठीक हो?’ दिलीपनं बोटं खाली घेतली नाहीत. पण छाती शांत झाली होती. वाचला तो.”

“मग झालं तर,” देविका पुटपुटली.

“अंगावर आलेला काटा थोड्या वेळानं बसतो ना? त्याच्या डाव्या मनगटावर तीन बोटांएवढी जागा आहे. तिथले केस अजून उभे आहेत. रात्री तो गाढ झोपला की त्याची बायको, आमच्या प्रमोदिनीवहिनी, त्यावरून हात फिरवतात...

“बसत नाहीत.”