जिभेची मालकी

“पोटची पोरगी, आणि बोलते कशी? ‘आपली प्रकृती ठीक आहे ना?’ आपली! मी काय हिची हेडमास्तरीण आहे?”

‘बोलघर’ कंपनीच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेत पाऊल टाकल्या टाकल्या शालनबाईंनी डॉ. किरपेकरांपुढे तक्रार ठेवली. शेजारी लेक तेजल मान खाली घालून बसली होती. पूर्वी दोघींचं फोनवर असं भांडण जुंपायचं की शेवटी दोघी हसून दमायच्या. गेले अकरा महिने मात्र फोन ठेवला की शालनबाईंना वाटायचं, सरकारी पत्रक ऐकलं. पोरगी कुठं गेली?

वास्तविक कंपनीचं बोलावणं आलं होतं ते शालनबाईंनाच. कराडात त्यांचं मिरचीकांडप होतं. शाळा चौथीत सुटलेली, लिहिणं जेमतेम. म्हणून गिऱ्हाइकांना त्या फोनवर बोलूनच निरोप पाठवत. “जावळे वहिनी, चटणी कधीची तयार आहे. आता काय तिची वरात काढून पाठवू?” असले ते निरोप.

“काकू, तुमचं बोलणं आमच्या शैलीसाच्याशी शंभरात चौऱ्याण्णव जुळतं,” डॉ. किरपेकर म्हणाल्या.

“साचा? चकलीचा?”

“जवळपास तसाच. तेजल घरी बसून कराडच्या दुकानांसाठी समाजमाध्यमांवरचा मजकूर लिहायची ना? तिचं सहा वर्षांचं लिखाण आम्ही यंत्राला शिकवलं. टोमणा कुठे मारायचा, कुठे थांबायचं, लाडात कधी यायचं, सगळं. आता त्या साच्यातून रोज चारशे दुकानांचा मजकूर निघतो. पीठ कुणाचंही घाला, चकली तिच्याच हातची.”

“मग हिनं काय करायचं?”

“यंत्राच्या स्वस्त मजकुरासाठी सर्व ग्राहक कंपनीकडे गेल्यानंतर मी साचा देण्याचा करार केला,” तेजल सपाट आवाजात म्हणाली.

“बघा! बघा कशी बोलते!”

करार अधिकारी नचिकेत सामंत खाकरला. “त्यांना तसंच बोलावं लागतं, काकू. ती शैली आता कंपनीची. जिथे नोंद होते तिथे तेजलताईंनी ती वापरायची नाही. आणि हल्ली फोन, टीव्ही, घरातला दिवासुद्धा सगळं नोंदतो. याचं कारण बाहेर सांगायलाही मनाई आहे.”

अकरा महिने शालनबाई पोरीला मनातल्या मनात शिव्या घालत होत्या. त्यांनी हळूच तेजलचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

“तुम्हालाही हे बोलणं थांबवावं लागेल,” नचिकेत म्हणाला. “तुमच्याकडून शैलीची नक्कल होते आहे.”

“नक्कल? अरे गुलामा, ही पाळण्यात हातपाय झाडत होती तेव्हापासून मी अशीच बोलते!”

“नोंद हवी. कायद्याने ज्याची नोंद जुनी, शैली त्याची.”

“नोंद माझ्याकडे आहे,” तेजल म्हणाली.

बारा वर्षांची असताना ती वसतिगृहात होती. आईला पत्र लिहिता येत नसे. आईचे त्या वेळचे बोलके निरोप तिने एकूण एक जपले होते. तिने एक लावला.

“लाडू पाठवलेत. मैत्रिणींना दे, एकटी चरू नको. आणि रडलीस असं कळलं तर पुढच्या खेपेला नुसता डबा पाठवीन, वास घेत बस!”

यंत्राने आकडा दाखवला: सत्त्याण्णव. वीस वर्षांपूर्वीची तारीख.

“आद्यस्रोत या आहेत,” डॉ. किरपेकर हळू आवाजात म्हणाल्या. “तेजलचा करार रद्द. तिने जे दिलं ते तिचं नव्हतंच.”

नचिकेतने लगेच कोरा करार पुढे सरकवला. “काकू, मग सही तुम्ही करा.”

“मी कशी करू? हे बोलणं माझ्या आईचं. कोयनेकाठची वांगी घेऊन बाजारात बसायची. गिऱ्हाइकं वांग्यांपेक्षा तिचं बोलणं ऐकायलाच यायची. आण तिची सही.”

“त्या कुठे असतात?”

“चाळीस वर्षं झाली जाऊन. आणि ती म्हणायची, माझी जीभ सासूनं घडवली.”

“त्यांची काही नोंद?”

“कसली नोंद? तेव्हा ऐकायला माणसं होती.” शालनबाईंनी कागद परत ढकलला. “दुसऱ्याचं विकत नाही मी.”

मालकाची सही नाही म्हणजे साचा चालवता येत नाही. डॉ. किरपेकरांनी कळ दाबली. चारशे दुकानांचा मजकूर त्या क्षणी थांबला. उद्या ती दुकानं पुन्हा लिहिणारी माणसं शोधत फिरणार होती.

तेजल आईकडे वळली. “आई गं, म्हणजे मी तुझं चोरलं? आणि वर विकूनही बसले?”

अकरा महिन्यांनी तिचा खरा आवाज ऐकून शालनबाईंचे डोळे भरून आले. पण त्यांनी पदर डोळ्यांना लावला नाही, कमरेला खोचला.

“चोरलं कसलं, बये? मी माझ्या आईला विचारून घेतलं होतं का? पोरीनं आईचं घ्यायचंच असतं. तुझा गुन्हा वेगळा आहे. एकेक दुकान सुटत होतं तेव्हा मला सांगितलं नाहीस, एकटी कुढत बसलीस. त्याची शिक्षा आता भोग. कराड येईपर्यंत गाडीत माझ्याशी भांडायचं. मध्ये गप्प झालीस तर रस्त्यात उतरवीन!”