शेजाऱ्याशी तह

धाकटी बहीण लग्न होऊन दूर गेली, तेव्हा आमच्या बोलण्याला ‘जेवलास का’ आणि ‘आईचे गुडघे कसे आहेत’ यापुढे विषयच उरेना. मग तिच्या नवऱ्याने, म्हणजे आमच्या जावईबापूंनी, हा खेळ शोधून काढला. मोबाइलवर खेळायचा. प्रत्येकाचं एक राज्य. आपली पाळी आली की फोन किणकिणतो; गावं वसवायची, सैन्य हलवायचं आणि पाळी पुढच्याला द्यायची. घाई कसली नाही. माझा एक पाय लहानपणापासून जरा फरफटतो, म्हणून बसून करायचं काम धरलं; मी डोळे तपासतो. एक पेशंट गेला आणि दुसरा यायचा असला की अक्षरांच्या तक्त्याखाली बसून मी माझी पाळी उरकायचो.

लढाईत मला रस नव्हता. मला आवडायची ती डिप्लोमसी. नकाशावर समोरच्याच्या झेंड्याला बोट लावलं की एक चौकट उघडायची. वकिलात उघडा, सीमा खुल्या करा, हे द्या, ते घ्या. बहीण लहानपणापासून सौद्यात पक्की. “दादा, तुझं जंगल दे, मी घोडे देते,” म्हणायची, आणि घोडे यायच्या आत जंगल तोडून मोकळी.

गावांना नावं काय द्यावीत हे मला सुचेना, म्हणून घरातल्या खोल्यांचीच दिली. राजधानी दिवाणखाना. समुद्राकाठी मोरी. डोंगरावर माळा. आणि सगळ्यांच्या आत, सुरक्षित, मागची खोली. “अरे, राज्य आहे की घर?” बहीण खिदळली होती.

चौथी जागा रिकामी होती, ती कॉम्प्युटरला दिली. त्याचं राज्य माझ्या राज्याला लागून आलं, म्हणून त्याचं नाव पडलं शेजारी. राखाडी झेंडा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. बरेच दिवस त्याने काहीच केलं नाही. मग एका दुपारी त्याची चौकट उघडली. तुमच्या राजधानीत वकिलात उघडू द्याल का? बदल्यात थोडं धान्य. मी ‘मान्य’वर बोट ठेवलं. त्यात नाही म्हणण्यासारखं काय होतं?

संध्याकाळी घरी गेलो तर आई दिवाणखान्यात उभी होती. तिची खुर्ची रिकामी होती.

“बस ना,” मी म्हणालो.

“कोणी येऊन गेलं का रे?” ती म्हणाली. “मी जरा आडवी झाले होते. उठून आले तर गादीला खड्डा. आणि ऊब.”

मी हात लावून पाहिला. खरंच ऊब होती. खिडकीतून ऊन आलं असेल, असं मी तिला सांगितलं. ती खिडकी उत्तरेची आहे, हे तिलाही ठाऊक होतं.

पुढे शेजाऱ्याने सीमा खुल्या करायची विनंती केली. त्याची माणसं माझ्या मुलखातून ये-जा करणार, माझी त्याच्या. माझा व्यापार वाढत होता. मी मान्य केलं. त्या आठवड्यात मागच्या दाराची कडी भरदिवसा निघालेली सापडायला लागली. आतल्या पायपुसण्यावर ओल असायची. बाहेर सगळं कोरडं ठणठणीत. मी नवी कडी बसवली. ती तर आणखीच गुपचूप निघायची.

मग शेजाऱ्याचा निरोप आला. कॉम्प्युटरची ठरलेली चार वाक्यं असतात. आपला मित्र, आपला शत्रू, आपलं सैन्य आमच्या सीमेजवळ आहे वगैरे. हे त्यातलं नव्हतं.

“तुमच्या जिन्याची वरची पायरी हलते. आईला जपा.”

मी जावईबापूंना फोन केला. ते सॉफ्टवेअरमधले, हसण्यावारी नेतील असं वाटलं होतं. त्यांनी खेळ उघडला आणि चारही जागा एकेक करून तपासल्या.

“दादा, त्या जागेवर कॉम्प्युटर नाहीये,” ते म्हणाले. “माणूस दाखवतंय. पण नाव कोरं आहे. तुम्ही कोणाला बोलावलंत का?”

“मी कशाला बोलावू?”

“मग तह मोडून टाका.”

मी मोडायला गेलो. खेळात तह असा मोडता येत नाही. मुदत सरेपर्यंत पाळायचा, नाहीतर युद्ध पुकारायचं. लाल बटण समोर होतं. ज्याला आपण पाहिलं नाही आणि ज्याने आपलं घर पाहिलंय, त्याच्याशी युद्ध पुकारायला माझं बोट धजेना.

माझं बोट तसंच असताना त्याची चौकट उघडली. कायमचा तह. बदल्यात एकच गाव. मागची खोली.

मागच्या खोलीत आई झोपते.

मी नकार दिला. त्याने खाणी देऊ केल्या, मी नकार दिला. त्याने आपली राजधानी देऊ केली. मी नकार दिला. मग चौकटीत एवढंच आलं: “हरकत नाही. तुमच्या बहिणीला विचारतो.”

मी तडक बहिणीला फोन लावला. “चिमे, शेजाऱ्याला काही देऊ नकोस.”

“उशीर केलास रे दादा,” ती खुशीत होती. “लोखंडाची अख्खी डोंगररांग मिळाली. बदल्यात सीमेवरचं एक फुटकळ गाव मागत होता. दिलं.”

“कुठलं गाव?”

“अरे, तुझं बघून मीही एकाचं नाव ठेवलं होतं, गंमत म्हणून. माहेर.”

पुढचा पेशंट खुर्चीत बसलेला होता. त्याला तसाच सोडून मी घराकडे निघालो.

आई फाटकाबाहेर उभी होती. एका हातात काठी, दुसऱ्या हातात दुधाची पिशवी. कोपऱ्यावरच्या दुकानातून ती नुकतीच परतली होती.

“आत जाऊ नकोस,” ती म्हणाली.

“काय झालं?”

“दार लागलंय. मी ठोठावलं. आतून विचारलं, कोण हवंय?”

“कोणी विचारलं? आवाज कुणाचा होता?”

तिने मान फिरवली.

मी किल्ली लावली. ती फिरली नाही. घंटा वाजवली. आतून पावलं दारापर्यंत आली आणि पलीकडे थांबली. कोणीतरी माझ्यासारखंच, दाराला कान लावून ऐकत होतं.

मी आईचा हात धरला आणि आम्ही निघालो.

दवाखान्याच्या वर एक खोली आहे, जुन्या फ्रेमचे खोके ठेवायची. तिथे आईला बसवलं. पोलिसांना काय सांगू, ते जुळवत होतो. बहिणीचा फोन लागेना. ती रात्र तिथेच काढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी लागला. आईला ऐकू यावं म्हणून मी स्पीकर चालू केला.

बहीण कुजबुजत होती. “काय रे हे? आतल्या खोलीतून फोन काय करतोस? बाहेर ये ना.”

“तू कुठे आहेस?”

“घरी. काल आईनेच फोन केला, ये म्हणाली, अगदी ताबडतोब. तासभर झाला येऊन. तू झोपलायस म्हणाली, म्हणून आम्ही हळू बोलतोय.”

आईने माझं मनगट पकडलं.

“चिमे,” मी म्हणालो, “मी तिथे नाही. आई माझ्याजवळ आहे. आत्ताच्या आत्ता घराबाहेर पड.”

ती हसली. लहानपणी हसायची तशी, तोंडावर हात ठेवून.

“पुरे हं दादा. हा बघ, उठलासच.”

पलीकडे एक दार उघडलं. मग चपला वाजल्या. एक पाऊल सरळ पडत होतं, दुसरं किंचित फरफटत.

आई ते ऐकत राहिली. मग तिने खाली वाकून माझ्या पायांकडे पाहिलं.