निकाल राखून ठेवला

आमची पहिली भेट झाली ती भांडणातच. शहापूर-मुरबाड एसटीत माझ्या शेजारी एक जण हातातल्या एवढ्याशा व्हिडिओ गेमवर मोटार पळवत बसला होता. पडद्यावर वळण आलं की मोटारीबरोबर हासुद्धा वळायचा, आणि त्याचं कोपर थेट माझ्या पिशवीत!

"अहो, एसटी सरळ चाललीय... तुमी कुठं वळताय?"

"सॉरी हां," तो म्हणाला, आणि पुढच्या वळणाला परत वळला.

मी खिडकीबाहेर बघत राहिले. हसू येत होतं, पण ते त्याला दाखवायचं नव्हतं.

तास झाला नसेल, तर हाच माणूस आमच्या वाचनालयाच्या दारात उभा. दर रविवारी मी तिथं मुलांचं खेळांचं कपाट सांभाळायचे. कॅरम, सापशिडी, पत्ते... मुलांनी आठवडाभर घरी न्यायचे आणि परत आणायचे.

"हा कपाटात ठेवायचाय," त्यानं तो खेळ पुढे केला. "मी स्वरूप. खर्डीचा. कल्याणला दुरुस्तीच्या दुकानात असतो. दोन मोडक्या खेळांतून हा एक जोडलाय." मग माझ्याकडे नीट बघून, "अरे देवा... तुमी?"

"मी कुणाली. आणि असा लगेच नाय ठेवता येत. आधी पारखायला लागतो."

नियम वाचनालय चालवणाऱ्या कमळाकर गुरुजींचा. नवा खेळ आला की तो आधी घरी न्यायचा, घरच्यांबरोबर खेळायचा आणि मग वहीत निकाल लिहायचा, की घरात चार माणसांत हा खेळण्याजोगा आहे का. २००४ साल होतं. व्हिडिओ गेम म्हटलं की पालकांच्या कपाळाला आठ्या पडायच्या, म्हणून गुरुजी जास्तच कडक.

"निकाल कधी?"

"पुढच्या रविवारी या."

तो आला. पण वही कोरीच होती.

खरं सांगते, मला दोन दिवसांतच कळलं होतं. मोटारी आपटायच्या, पण गिरकी घेऊन पुन्हा रस्त्याला लागायच्या. कुणाला इजा नाही, पैज नाही, शिवीगाळ नाही. धोंडूआत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण आणि आमच्या घरातला शेवटचा शब्द, तीसुद्धा चष्मा लावून खेळली. सात वेळा डोंगरावर आदळली आणि म्हणाली, "गो, हा तर आपला माळशेज घाटच!"

मग लिहिलं का नाही? कारण 'योग्य' लिहिलं असतं तर खेळ कपाटात गेला असता आणि स्वरूप खर्डीला. 'अयोग्य' लिहिलं असतं तर दोघंही खर्डीला. कसंही लिहा, पुढचा रविवार रिकामाच! म्हणून मी झोकात लिहिलं, 'निकाल राखून ठेवला आहे.'

"का हो?"

"आवाज फार आहे. दुपारची म्हातारी माणसं झोपतात."

तो खेळ घेऊन गेला आणि पुढच्या रविवारी आवाज कमी करून आला. त्यानंतर मात्र तो हत्यारं घेऊनच यायचा; जे काय करायचं ते तिथंच करायचा आणि आठवडाभर खेळ माझ्याकडे राहायचा. मग मी आकडे बारीक दिसतात म्हणाले. मग बटण घट्ट आहे म्हणाले. मग काहीच सुचेना, तेव्हा म्हणाले, "डावखुऱ्या मुलांनी काय करायचं?"

"कोण हाय डावखुरं?"

"असेल ना... कुणीतरी."

त्यानं मान डोलावली. रुमालात बांधून आणलेली बोरं माझ्यापुढे सोडली आणि डाव्या हातानं खेळून बघायला लागला. जीभ दातात धरून. मला कळेचना, हा माणूस भोळा आहे की डांबिस? माझ्यासाठी येतो की खेळासाठी? माझ्याशी बोलताना बघायचा मात्र त्या पडद्याकडेच.

त्या खेळात एक गंमत होती. एखाद्यानं आपली शर्यत राखून ठेवली, की ती एक फिकट मोटार बनून तुमच्याबरोबर पळायची. स्वरूप दर रविवारी एक शर्यत राखून द्यायचा. आठवडाभर मी त्या फिकट मोटारीमागे धावायचे, हरायचे, चिडायचे... आणि पुन्हा खेळायचे.

पाचव्या रविवारी गुरुजी म्हणाले, "कुणाली, पुढच्या खेपेला निकाल लागला नाही तर मी खेळ परत करतो."

शनिवारी दुपारी पडवीत खेळायला बसले. स्वरूपची मोटार नेहमीसारखी पुढे. शेवटचं वळण आलं, आणि ती थांबली! शेवटच्या रेषेच्या अगदी अलीकडे. मी पुन्हा खेळले. पुन्हा तिथंच थांबली. यंत्र बिघडलं? की मला कीव करून जिंकवतोय? की कंटाळून अर्ध्यात सोडून एसटी पकडली यानं? तिसऱ्या वेळी मी त्याच्या शेजारी गेले आणि... माझंही बोट बटणावरून उचललं गेलं. दोन्ही मोटारी शेजारी शेजारी उभ्या.

आत्या तांदूळ पाखडत होती. "थांबलीस का गो? जा की पुढं!"

"तो थांबलाय ना."

"तो कोन?"

मी पडद्यावरची फिकट मोटार दाखवली. आत्यानं सूप खाली ठेवलं, माझ्याकडे बघितलं आणि एकच वाक्य बोलली. ते सांगते, थांबा जरा.

रविवारी तो आला. गुरुजी आत पुस्तकं लावत होते.

"आधी एक सांगा," मी वही उघडली. "रेषेपाशी मोटार का थांबते? बिघडलाय खेळ?"

"बिघडला नाय." त्याचे कान लाल झाले.

"मग मला जिंकवताय? असली मेहरबानी मला नको."

"मेहरबानी नाय हो..." पहिल्यांदाच त्यानं पडद्यावरून नजर काढून माझ्याकडे बघितलं. "रेषा ओलांडली की शर्यत संपते. मला संपवायची नव्हती. तुमी निकाल लिवलात की मी मुरबाडला कशाला येनार? आवाज कमी करायला आठवडा लागतो होय? दोन मिंटांचं काम ते..." तो अडखळला. "मला तुमी आवडता, कुणाली."

सहा रविवार मी ज्याची वाट बघत होते ते आलं.

"आमच्याकडं डावखुरं कुणीच नाय," मी कसंबसं म्हणाले.

त्यानं खेळ खाली ठेवला. मग त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं.

"झालं का लिहून?" आतून गुरुजींचा आवाज.

मी लिहिलं, 'घरात चार माणसांत खेळण्याजोगा.' खाली सही केली. ते वाचून त्याचं हसू मावळलं.

"म्हंजे... संपलं? आता मी यायचं नाय?"

"यायचं. आज संध्याकाळी, आमच्या घरी. धोंडूआत्यानं बोलावलंय." हेच ते आत्याचं वाक्य. 'त्या थांबनाऱ्याला घरी घेऊन ये.'

"खेळ पारखायला?"

"खेळ पारखून झालाय तिचा," मी म्हणाले, आणि वही मिटली.