सतरा नंबरचा कान

झेरॉक्सच्या दुकानात रांगेत उभी होते, आणि माझ्या पुढच्या माणसाचा कान ओळखीचा निघाला.

म्हणजे कानामागची जखम. डावा कान, चवळीच्या दाण्याएवढी, वरच्या बाजूला जरा टोकदार... दहा आठवडे दर सोमवारी तिचा फोटो पडद्यावर मोठा करून, कडेने रेघ ओढून मी तिचं क्षेत्रफळ मोजत होते. चेहरा मात्र कधी पाहिला नव्हता.

"अय्या, सतरा!" तोंडून निघूनच गेलं. "किती छान भरत आलीय!"

तो वळला. डोळे हसरे, भुवया वर.

"माझा नंबर चौथा आहे," रांगेकडे बघत तो म्हणाला. "आणि काय भरत आलीय म्हणालात?"

मग सगळं सांगावंच लागलं. त्वचेच्या कर्करोगाची छोटी गाठ काढल्यावर उरणारी जखम रात्री लावायच्या दोन पट्ट्यांपैकी कोणत्या पट्टीने लवकर भरते, यावर आमच्या रुग्णालयात अभ्यास चालू होता. चोवीस रुग्ण, मोजणारी मी. कोणाला कोणती पट्टी, हे मला कळता कामा नये. कळलं की मन एका बाजूला झुकतं, आणि मनापाठोपाठ रेघ.

"अच्छा, तुम्ही होय! मला ना, ती—"

मी दोन्ही कान घट्ट झाकले. "एक शब्द नको! दोन आठवडे राहिलेत. माझं सगळं काम पाण्यात जाईल."

"जाऊ दे की. मला तर तीन महिने पाण्यात जायची बंदी आहे." तो पोहायला शिकवायचा. वर्षानुवर्षं तलावाकाठच्या उन्हात उभं राहून गाठ झाली होती. ती पूर्ण निघाली होती, धोका टळला होता. "सध्या काठावरून नुसता ओरडतो. चहा घेणार?"

अट एकच ठरली: कान सोडून काहीही बोलायचं. तो मुद्दाम माझ्या डावीकडे बसला, म्हणजे सतरा नंबर पलीकडे राहील. इतकी काळजी माझ्या आकडेवारीची आजवर कोणी घेतली नव्हती.

खरं तर त्याच दिवशी अभ्यासाच्या प्रमुख मॅडमना सांगायला हवं होतं. रुग्णाशी ओळख झाली की कळवायचं, असा नियमच आहे. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत तीन चहा झाले.

"लोक डोळ्यांत बघून घसरतात," घरी ताई म्हणाली, "तू कानामागे बघून?"

"तसं काही नाहीये गं."

"हो का? मग दूध कशाने उतू गेलं?"

सोमवारी प्रत्येक जखम मी दोनदा मोजते, सकाळी आणि जेवणानंतर. बाकी तेविसांच्या दोन आकड्यांत फरक जेमतेम. सतरा मात्र सकाळी बारा चौरस मिलिमीटर, दुपारी आठ. फोटो तोच. मधे एकच गोष्ट घडली होती— त्याचा फोन. "आज तलाव रिकामा आहे. तू असतीस तर..."

तू!

जेवणाच्या सुट्टीत जखम चार चौरस मिलिमीटर भरत नाही. मी परत मोजली. परत आठ. रेघ आपली आत आत सरकत होती...

मी उठले आणि सरळ मॅडमच्या खोलीत गेले.

"मॅडम, माझी रेघ झुकलीय. सतराच्या बाजूने."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "कधीपासून?"

"झेरॉक्सपासून."

"सतराचे फोटो दुसरं कुणीतरी नव्याने मोजेल. तू या कामावर राहायचंस की नाही, ते तुझा खुलासा वाचून ठरवीन. फॉर्म घे."

संध्याकाळी कोरा फॉर्म घेऊनच तलावावर गेले.

"मी तुला यापुढे मोजू शकत नाही," मी म्हणाले.

त्याचा चेहरा पडला. "का? काय झालं?"

"तू मला... आहेस त्यापेक्षा जास्त बरा दिसतोस."

पाण्यावर एक पान गोल गोल फिरत होतं. त्याने वाकून ते बाहेर काढलं.

"मग आता पट्टी कोणती ते सांगू?" त्याने हळूच विचारलं.

"नको! अजून तेवीस जण आहेत!"

"बरं. मग दुसरं सांगतो. तू मला आवडतेस— हे चालेल ना? की यानेही आकडे बिघडतात?"

"ते बिघडून झालेत," मी म्हणाले. "बोल तू."

फॉर्म मी तिथेच, त्याच्या पाठीचं टेबल करून भरला. काय घडलं: मोजणारी सतरा नंबरच्या प्रेमात पडली. परिणाम: चार चौरस मिलिमीटर. शेवटचा रकाना होता, 'असे पुन्हा घडण्याची शक्यता'.

"काय लिहितेयस?" तो मान वळवायला लागला.

"हलू नकोस, रेघ जाईल." मी लिहिलं: नाही. एकदाच पुरे आहे.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी फॉर्म दोनदा वाचला. सही केली, आणि खाली शेरा मारला: 'तेवीस जखमा हिच्याकडेच राहतील. सतरा नंबरही राहील. फक्त मोजायचा नाही.'