भाडेकरणीच्या उशाशी

कंदील जरा बारीक करा, पोरांनो. गळ राहू द्या गोठलेल्या सरोवरावरच्या बर्फाच्या भोकात, आता काही मासे लागत नाहीत. ही आर्लीन कोस्केलाची गोष्ट. माझी शेजारीण. थापा मारणारी बाई नव्हे.

गेल्या हिवाळ्यातला सतरा फेब्रुवारी, मंगळवार. संध्याकाळी आर्लीन इथेच एस्कनाबा गावात, आईच्या घरी न्हाणीघराचा नवा पडदा लावायला गेली. आई, म्हणजे हिल्माबाई, जाऊन दोन वर्षं झाली होती. पलंग-भांडी तशीच ठेवून आर्लीन ते घर इस्पितळात तात्पुरत्या कामावर येणाऱ्या नर्सना द्यायची. तीन महिने एक, मग दुसरी. त्या वेळी जनेल होती. लुईझियानाची तरुण पोर, आमच्या थंडीनं कायम कुडकुडणारी.

"मिस आर्लीन, एक विचारू? हसायचं नाही."

"विचार की."

"या घरात कोणी म्हातारी राहायची का?"

आर्लीनचा पडद्यावरचा हात तिथेच थांबला.

"मी ड्यूटीवरून येऊन पडले की ती येते. पांघरूण पायाखाली खोचते. केसांतून हात फिरवते, काहीतरी गुणगुणते. आधी घाबरले. आता वाट बघते. फार मायाळू आहे हो!"

"म्हणजे काका, भाड्यात आई फुकट?"

हस, डस्टिन, मध्येच तोंड घालून हस. आर्लीनला नाही हसू आलं. मायाळू म्हणे! तिनं अकरा वर्षं आईचं हागणं-मुतणं काढलं होतं. त्यापायी लग्न राहिलं. आणि मिळालं काय? 'सूप खारट झालंय.' 'शेजारच्यांची पोर बघ जरा.' डोक्यावरून हात? एकदासुद्धा नाही. आणि ही कोण कुठली, तीन महिन्यांची पाहुणी... तिच्या केसांतून हात!



"तळघरातली घर तापवायची भट्टी बिघडल्यासारखी वाटतेय," आर्लीन म्हणाली. "रात्री गारठशील. आज माझ्याकडे जाऊन झोप, पाहुण्यांच्या खोलीत. मी थांबते इथे."

आर्लीनचं घर दोन गल्ल्या पलीकडे. जनेल बिचारी आभार मानत गेली.

आर्लीननं कडी घातली. खुंटीवरचे जनेलचे ड्यूटीचे निळे कपडे अंगात चढवले. तिच्याच साबणानं तोंड धुतलं. दिवा घालवला आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

अकरा वाजले. बारा वाजले.

साडेबाराला जिना वाजला.

एक पाऊल टाकलेलं... एक ओढलेलं. आईचंच चालणं.

पलंगाची कड खचली. कोणीतरी बसलं.

पांघरूण पायाखाली खोचलं गेलं. मग केसांत हात आला. गरम. मऊ. आणि ते गुणगुणणं... आर्लीननं ओठ दाताखाली धरला. उशी भिजत चालली.

"दमलीस ना गं, बाळा?"

आयुष्यात पहिल्यांदा ऐकलेला शब्द. तिला राहवलं नाही.

"आई... मी आहे. आर्लीन."

हात थांबला.

गुणगुणणं थांबलं.

"तू?"

एवढंच. पलंगाची कड वर आली. पाऊल... ओढ. पाऊल... ओढ. खाली दार उघडलं. लावलं नाही कोणी.

रात्रभर आर्लीन जागची हलली नाही. उजाडताच त्याच कपड्यांत घरी धावली. जनेल कॉफी करत होती.

"मिस आर्लीन, काल ती इथेही आली! जरा उशिरा आली, पण आली..." मग तिचं लक्ष गेलं. "हे... माझे कपडे ना?"



जनेलची मुदत संपली, ती पुढच्या गावी गेली. आईच्या घरात दुसरी नर्स आली. तिला विचारलं, तर म्हणे घर अगदी शांत आहे.

आर्लीन आता आपल्या घरात एकटीच. परवा मला म्हणाली, "रात्री माझ्या दारावरून पाय ओढत जाते रे. थांबत नाही." आणि पाहुण्यांची खोली उघडून दाखवली. जनेलनंतर तिथे कोणी झोपलेलं नाही. पांघरूण पायथ्याशी घट्ट खोचलेलं. पलंगाच्या कडेला खळगा, कोणी नुकतंच बसून उठल्यासारखा.

मी त्यावर हात ठेवला.

गरम होता.