बारा दिवस आधी

सोमवारी सकाळी रुग्णालयाच्या समाजकार्य विभागात पाऊल टाकलं, की वनमाला कोळेकर आधी चहा ओतून घ्यायची आणि मग भिंतीवरचा पडदा बघायची. पडद्यावर एकशे चाळीस नावं असत आणि प्रत्येक नावापुढं एक ठिपका. हिरवा म्हणजे ठीक. पिवळा म्हणजे येत्या पंधरवड्यात या माणसाचा आजार उलटण्याची शक्यता. त्या सोमवारी अश्विनी चौगुलेच्या नावापुढं पिवळा ठिपका होता आणि त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं : अंदाजे बारा दिवस.

वनमाला त्रेचाळीस वर्षांची. अठरा वर्षं तिनं एसटीत कंडक्टरकी केली. गाडीत चढतानाच तिकीट आपोआप निघू लागलं, तेव्हा तिनं स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि मानसिक आरोग्य हा विशेष विषय घेऊन समाजकार्याच्या एमएसडब्ल्यूला नाव घातलं. वर्गातली पोरं तिला मावशी म्हणत. पहिल्या वर्षी जाडजूड पुस्तकांनी तिला रडवलं; पण क्षेत्रकार्यात, म्हणजे माणसांच्या दारात जाऊन करायच्या कामात, तिला कधी अडलं नाही. भरल्या गाडीत कोण भांडून निघालंय, कोण रडू दाबून बसलंय, हे ती चेहरा बघून ओळखत आली होती.

ठिपके देणाऱ्या यंत्रणेचं नाव ‘चाहूल’. रुग्णाच्या मनगटावर एक मऊ पट्टा असे. झोप किती वेळा मोडली, चाल किती मंदावली, बोलताना दोन शब्दांमधला विराम किती वाढला, एवढंच तो मोजायचा. माणूस काय बोलतो हे तो ऐकत नसे. त्याच माणसाच्या मागच्या महिन्यांशी ताडून बघून तो अंदाज बांधायचा आणि दहापैकी आठ वेळा तो खरा ठरायचा.

चाहूल अजून प्रयोगावर होती आणि प्रयोगाच्या दोन वर्षांसाठी एक नियम होता. अंदाज रुग्णाला सांगायचा नाही. डॉक्टरांनी गोळ्यांचं प्रमाण बदलायचं, समाजकार्याच्या विद्यार्थ्यानं भेटी वाढवायच्या, बस्स. रुग्णांनी तशी संमती दिलेली होती.

“आजार येतोय या धास्तीनंच माणूस खचला तर?” विभागप्रमुख बुद्धिसागर सर पहिल्या दिवशी म्हणाले होते. वनमालालाही ते पटलं होतं.

बुधवारी डॉक्टरांनी अश्विनीला बोलावून गोळी वाढवून दिली. गुरुवारी वनमाला तिच्या घरी गेली. अश्विनी चौतीस वर्षांची. बचत गटातर्फे कॉलेजच्या दोन वसतिगृहांना रोज भाकऱ्या पुरवायची. तिचा नवरा महादेव दुधाचा टेम्पो चालवायचा आणि मुलगी ओवी चौथीत होती. उदासीनतेच्या आजारानं अश्विनीला तीनदा गाठलं होतं. मागच्या खेपेला ती दोन महिने अंथरुणातून उठली नव्हती.

“परवाच आला होता की ताई. आज परत?” भाकरी थापता थापता अश्विनीनं विचारलं.

“सहज. इकडं आले होते.”

“काल गोळी वाढवली. आज तुम्ही.” तिचा हात थांबला. “पट्ट्यानं काय सांगितलंय का?”

“सगळं छान आहे” एवढंच म्हणायचं होतं. वनमालानं अठरा वर्षांत “पुढं जागा आहे” असं हजारदा खोटं सांगितलं होतं. आज जीभ वळेना.

“मला ते सांगायची परवानगी नाही, अश्विनी.”

तव्यावरची भाकरी करपायला लागली. अश्विनीनं ती उलटली, बाजूला काढली आणि मग ती शांतपणे म्हणाली, “बरं असतं तर बरं आहे म्हणाला असता.”

अश्विनीनं पिठाचा पुढचा गोळा परातीत घेतला.

“मागच्या टायमाला ओवीच्या गॅदरिंगदिवशीच मी पडले. आपण काय तरी चुकलो म्हणून आई बोलत नाही, असं वाटायचं तिला. दोन महिने पोरगी माझी माफी मागत होती, ताई. मला ऐकू यायचं, पण तोंडातनं शब्द निघायचा नाही. आधी कळलं असतं, तर तिला सांगून ठेवलं असतं.”

“मी सरांशी बोलते,” वनमाला म्हणाली. “उद्या येते आणि जे काय असेल ते खरं सांगते.”

बुद्धिसागर सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“कोळेकर, तुम्ही नियम मोडलात. मी तुमचं क्षेत्रकार्य रद्द करू शकतो. शेवटचं सत्र आहे तुमचं.”

“करा सर. पण हा अंदाज काढलाय कशातून? तिच्याच झोपेतून, तिच्याच चालण्यातून. इथं तो सगळ्यांना माहीत, फक्त तिला नाही. आणि आता तर तिला अर्धवट कळलंय. त्यानं तर ती जास्तच घाबरेल.”

सरांनी चष्मा पुन्हा घातला. मग त्यांनी प्रयोगावर देखरेख ठेवणाऱ्या नीतिसमितीच्या अध्यक्षांना फोन लावला. तासाभरानं उत्तर आलं : या एका रुग्णापुरती परवानगी, डॉक्टरांच्या समोर आणि लेखी नोंद ठेवून.

शुक्रवारी डॉक्टरांनी अश्विनीला आकडा सांगितला : सोमवारपासून अंदाजे बारा दिवस. वनमाला तिच्या शेजारी बसली होती. अश्विनी थोडी रडली, मग तिनं नाक पुसलं आणि विचारलं, “म्हणजे माझ्या हातात आठ दिवस हायत?”

ते दिवस वनमाला कधी विसरणार नव्हती. अश्विनीनं गटातल्या बायकांना घरी बोलावलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ती आजाराचं नाव घेऊन बोलली. एक बाई पटकन म्हणाली, “माझ्या भावालाबी हेच हाय की गं!” भाकऱ्या कोणी थापायच्या, हे दहा मिनिटांत ठरलं. महादेवनं सकाळची फेरी भावाला दिली. अश्विनीनं ओवीला मांडीवर घेऊन सांगितलं, “थोडे दिवस आईचं मन आजारी पडणार आहे. त्यात तुझं काय चुकलं नाही. मी बोलले नाही तरी तू माझ्याजवळ येऊन बसायचं.”

त्या सोमवारपासून अकराव्या दिवशी, अंदाजाच्या थोडा आधीच, आजार आला. जेवण सुटलं, बोलणं आटलं, नजर भिंतीला लागली. वनमाला रोज जायची. आजाराच्या पाचव्या दिवशी ती दारात पोचली, तर ओवीनं ओठांवर बोट ठेवलं. “हळू बोला हं, आईचं मन आजारी आहे,” असं सांगून ती पुन्हा आईच्या पायाशी पाढे लिहायला बसली. तिच्या चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नव्हता. आईचा एक हात तिच्या पाठीवर होता.

आजाराच्या दहाव्या दिवशी अश्विनीनं स्वतः उठून डोक्यावरून पाणी घेतलं. पुढच्या आठवड्यात ती तव्यापाशी होती.

“एका माणसावरून काही सिद्ध होत नाही,” बुद्धिसागर सर म्हणाले. “गोळी वेळेवर वाढवली, त्याचाही गुण असेल.”

“असेल सर.”

“म्हणून आणखी तीस जणांसाठी परवानगी मागितलीय. ज्यांना आधी कळायला हवंय, फक्त त्यांच्यासाठी. तुमच्या प्रबंधाचा विषय बदला, कोळेकर. हाच घ्या.”

ही बातमी सांगायला वनमाला अश्विनीकडं गेली. अश्विनीनं तिला गरम भाकरी आणि मिरचीचा खरडा वाढला. दोघी उंबऱ्यात बसून खात होत्या. अंगणात ओवी मैत्रिणींबरोबर दोरीच्या उड्या मारत होती. चुकली की खदखदून हसत होती.

“माझ्या आईला हे होतं,” अश्विनी एकाएकी म्हणाली. “आम्ही तिला आळशी म्हणायचो. मग मला आलं.” तिनं लेकीकडं बघितलं. “ताई, ओवीच्या हातातबी पट्टा बांधायचा का? आत्तापासनं?”

वनमालाचा घास हातातच राहिला. चाहुलीला त्या पोरीची झोप कळेल, चाल कळेल, उद्याचंही काही कळेल. पण रोज सकाळी आपल्या मनगटाकडं बघून दिवस सुरू करणारी मुलगी अशी खदखदून हसेल का?

“मला खरंच माहीत नाही, अश्विनी,” ती म्हणाली. “तुला काय वाटतं? आणि ती मोठी झाल्यावर आपल्याला काय विचारेल? का बांधला, की का नाही बांधला?”